बर्फातला खो-खो

सावनीला स्पॅनिश शाळेत घालायचं हे सिद्धेशने ठरवलं. ऑफिसातल्या देवांगची दोन्ही मुलं तिथे जात होती आणि देवांग रोज डबा खाताना त्या शाळेचं इतकं कौतुक सांगायचा, की आपली मुलगी तिथे गेली नाही तर तिचं काहीतरी कायमचं राहून जाईल असं सिद्धेशला वाटायला लागलं. शाळा सरकारी, त्यामुळे फी नाही. सकाळचे तास स्पॅनिशमधून, दुपारचे इंग्रजीतून. वर्गातली निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलणारी, निम्मी न बोलणारी. त्यांनी एकमेकांकडून शिकायचं. जागा थोड्या आणि येणारे फार, म्हणून लॉटरी काढायचे. सावनीचं नाव निघालं तेव्हा सिद्धेशने ऑफिसातून फोन करून ती बातमी अशी सांगितली, जणू म्हाडाचं घर लागलं.

आश्लेषाला काही फार आनंद झाला नाही. पोरगी घरात मराठी बोलते, बाहेरचं इंग्रजी तिला अजून धड येत नाही, त्यात ही तिसरी कुठून काढलीस, असं तिने विचारलं. भाषा मुलांना सर्दीसारख्या होतात, शिकवाव्या लागत नाहीत, असं सिद्धेशचं म्हणणं. आश्लेषाने त्यावर वाद घातला नाही, पण तिला ते पटलंही नव्हतं. ती इचलकरंजीची, मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी तिला सगळं कळायचं, वाचायचीही भराभर. बोलायची वेळ आली की मात्र ती आधी वाक्य मनात जुळवायची, मग ते तपासायची, आणि ते ओठांवर येईपर्यंत समोरच्यांचा विषय बदललेला असायचा. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत आल्यापासून तिचे बहुतेक दिवस मराठी मैत्रिणींमध्येच जायचे, आणि तिथे तिला कोणी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं. आपली मुलगी आपल्यासारखी वाक्यं जुळवत बसू नये, एवढंच तिला वाटत होतं.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली. घरी येणारा अभ्यास सिद्धेशने आपल्याकडे घेतला, कारण निर्णय त्याचा होता. स्पॅनिश त्यालाही येत नव्हतं. तो कागदावर फोन धरायचा आणि फोन त्याचं मराठी करून द्यायचा. एकदा बटाट्याच्या चित्राखालची ओळ त्याने मोठ्याने वाचली, "बाबांचे दोन समान भाग करा." सावनी हसून हसून जमिनीवर लोळली. काय झालं म्हणून त्याने विचारलं, तर तिने नुसती मान हलवली. स्पॅनिशमध्ये बटाट्याला पापा म्हणतात हे सिद्धेशला दुसऱ्या दिवशी देवांगने सांगितलं.

ऑक्टोबरात शाळेने पालकांना एकेक करून भेटायला बोलावलं. सावनीची स्पॅनिशची शिक्षिका रोसिओ कोलंबियाहून आलेली. मुलं तिला मायेस्त्रा म्हणायची, म्हणजे बाई. तीही व्हिसावरच आलेली होती आणि इंग्रजी सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलायची, त्यामुळे आश्लेषाला ती पहिल्या भेटीतच आवडली. पण तिने सांगितलं ते ऐकून आश्लेषाचं धाबं दणाणलं. सावनी सगळं लक्ष देऊन ऐकते, सांगितलेलं सगळं करते, चित्रं सुरेख काढते. बोलत मात्र नाही. शाळा सुरू झाल्यापासून तिने वर्गात एक शब्दही काढलेला नाही, ना स्पॅनिश, ना इंग्रजी. मधल्या सुट्टीत कुंपणापाशी एकटी उभी असते. रोसिओ पुढे म्हणाली की काही मुलं अशी आधी ऐकून घेतात, काळजी करू नका, वेळ द्या. आश्लेषाच्या कानात एकच शब्द राहिला होता, एकटी. घरी जी पोर अंघोळीच्या पाण्यापासून झोपेपर्यंत तोंड मिटत नाही, ती शाळेत मुकी?

गाडीत बसल्यावर तिने सिद्धेशला सांगितलं, "तिला त्या शाळेतून काढ."

सिद्धेशने टीचर काय म्हणाली त्याची आठवण करून दिली. मग देवांगच्या धाकट्याचंही पहिल्यांदा असंच झालं होतं म्हणून सांगायला लागला. देवांगच्या मुलांचं मला आता काही सांगू नकोस, असं ती म्हणाली, आणि सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून दोघं बराच वेळ भांडले. शेवटी ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर सावनी बोलली नाही तर घराजवळच्या साध्या शाळेत घालायचं, आणि त्यावर सिद्धेशने ब्र काढायचा नाही.

पण तोवर घरात हात चोळत बसणं आश्लेषाला शक्य नव्हतं. शाळेला दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायला पालक हवे होते. थंडी सुरू झाली की मैदानावर उभं राहायला कोणी तयार होत नसे. तिने नाव दिलं. शाळेने रीतसर चौकशी करून तिच्या गळ्यात बिल्ला अडकवला. सिद्धेशला तिने हे सगळं झाल्यावरच सांगितलं. त्याला ते खरंच वाटेना, कारण शाळेत चार शब्द बोलायचे असले तरी ती त्याला पुढे करायची.

मिनेसोटातल्या शाळा थंडीला भीक घालत नाहीत. अगदीच कडाका असल्याशिवाय मुलांना बाहेर काढतात. फुगीर पॅन्ट, फुगीर जॅकेट, टोपी, हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट अशी नखशिखांत गुंडाळलेली मुलं दारातून बाहेर पडत आणि मैदानभर विखुरत. आश्लेषा भिंतीच्या आडोशाला उभी राहायची. पहिल्या दिवशी सावनी धावत आली आणि आईचा हात धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. आपण येऊन पोरीला आणखीच एकटी तर पाडलं नाही ना, असं आश्लेषाला वाटायला लागलं. मुलं समोर दोन भाषांत ओरडत फुटबॉल खेळत होती आणि मायलेकी हातात हात घालून बघत होत्या.

नोव्हेंबर अखेरीच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर मोठा बर्फ पडला. फुटबॉल त्यात रुतून बसायला लागला आणि मुलांचा खेळच बंद झाला. ती नुसती इकडून तिकडे फिरायची, एकमेकांना ढकलायची, मग ओरडा खायची. मैदानाच्या एका बाजूला दोन लोखंडी खांब होते. उन्हाळ्यात त्यांना दोरीने चेंडू बांधून मुलं खेळत. आता दोऱ्या काढून ठेवलेल्या होत्या. त्या दोन खांबांमधल्या पांढऱ्या, न तुडवलेल्या पट्ट्याकडे आश्लेषा दोन-तीन दिवस बघत होती. मग एका दुपारी तिने सावनीचा हात सोडला, पहिल्या खांबापाशी गेली आणि बूट घासत दुसऱ्या खांबापर्यंत सरळ रेघ ओढली. कशासाठी, ते कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

रेघ बघून मुलं जमा झाली. तोमास नावाचा, पुढचा एक दात पडलेला मुलगा सगळ्यांत आधी आला. त्याने स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. आश्लेषाला एक शब्द नक्की येत होता. रोसिओच्या वर्गाच्या दारातून तो दर खेपेला कानावर पडायचा.

"सिएंतेन्से," ती म्हणाली. बसा.

मुलं बर्फात फतकल मारून बसली. तिने मान हलवली आणि स्वतः रेघेवर उकिडवी बसून दाखवलं, एक पाय पुढे, बोटं जमिनीला टेकलेली, उठायला तयार. मुलांनी तसं बसायचा प्रयत्न केला आणि एकामागून एक पाठीवर पडली. उकिडवं बसायची सवयच कोणाला नव्हती. सगळीकडे हसाहशी. आश्लेषाने एकेकाला धरून बसवलं, एकाचं तोंड शाळेकडे, पुढच्याचं रस्त्याकडे, त्याच्या पुढच्याचं परत शाळेकडे. तिघांना पळायला सोडलं. तोमासला पाठलाग करायला उभं केलं. इथवर हातवारे पुरले. पुढे मात्र तिची गाडी अडली. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, उठल्यावर मागे फिरायचं नाही, मधली रेघ ओलांडायची नाही, हे हातांनी कसं सांगायचं? इंग्रजी वाक्य जुळवायला घेतलं तर मुलं तोवर उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, खेळ झाला.

सावनी आता कुंपणापाशी जाऊन उभी होती. आश्लेषाने तिथूनच हाक मारली. "सावनी, ह्यांना सांग ना. पाठीवर हात लावून खो म्हणेपर्यंत कोणी उठायचं नाही."

हे ती मुद्दाम म्हणाली नव्हती. शब्द सापडेना, आणि तिथे मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं, एवढंच. सगळी मुलं वळून सावनीकडे बघायला लागली. सावनी आईकडे बघत राहिली. मग ती बर्फातून पाय उचलत आली, तोमाससमोर उभी राहिली आणि स्पॅनिशमध्ये बोलली. एक शब्द नाही, लांबलचक वाक्य, एका दमात, अजिबात न अडखळता. आश्लेषाला त्यातला फक्त शेवटचा शब्द कळला, खो.

मुलं बसली. तोमासने विचारलं, मग पुढे काय? सावनीने आईकडे बघितलं. आश्लेषाने दुसरा नियम सांगितला, सावनीने तो पुढे दिला. मग तिसरा. लाल टोपीवाल्या एका मुलीला कळलं नाही तर तिला सावनीने इंग्रजीत समजावलं. आश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या थंडीत पापण्यांना लगेच बोचायला लागलं. तिने हातमोज्याने डोळे पुसले आणि तोमासला पळ म्हणून खूण केली.

त्या दिवशीचा खो-खो इचलकरंजीत कोणी पाहिला असता तर हसून लोळला असता. पळणारे बर्फात तोंडावर पडत होते, पकडणारे त्यांच्यावर पडत होते, खो मिळालेली मुलं उठायच्या नादात शेजाऱ्यालाही पाडत होती. पण घंटा झाली तेव्हा कोणी आत जायला तयार नव्हतं. सावनीला तिसऱ्या खेपेला पाठलाग मिळाला. तिने पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप मारून खो असा आवाज दिला, की दारात उभी असलेली रोसिओ दचकली. तिने तो आवाज आजवर ऐकलाच नव्हता. सुट्टी संपल्यावर ती आश्लेषाजवळ आली. तिने आश्लेषाला घट्ट मिठी मारली. दोघींच्या जाड जॅकेटांमुळे ती मिठी फार जवळची झाली नाही, पण बराच वेळ टिकली.

खेळाचं नाव मुलांना फार आवडलं. स्पॅनिशमध्ये इंग्रजीतलं 'जे' हे अक्षर घशातून ह आणि ख यांच्या मधलं काहीतरी म्हणतात, आणि डिसेंबरात लाल कपड्यांतला सांताक्लॉज हो-हो करून हसतो ते त्या भाषेत याच अक्षराने लिहितात. त्यामुळे पाठलाग करणारा खो म्हणाला की बसलेल्यांतलं कोणीतरी पोटावर हात ठेवून सांतासारखं हसायचं, आणि तेवढ्यात खो वाया जायचा. सुट्टीत काय काय खेळायचं याच्या फळ्यावर तोमासने स्पॅनिश पद्धतीने खेळाचं नाव लिहिलं, तर घरी इंग्रजी बोलणारी मुलं ते जो-जो असं वाचायला लागली. नाव खरं कोणतं, यावर पहिलीच्या मुलांत जोरदार वाद झाला आणि निकाल द्यायला सावनीला बोलावलं. तिने काय निकाल दिला ते तिने घरी सांगितलं नाही. तिला वेळ नव्हता. ती सिद्धेशला उकिडवं बसायला शिकवत होती.

ख्रिसमसची सुट्टी आली आणि गेली. शाळा बदलायचं ठरलं होतं हे दोघांपैकी कोणाच्याही लक्षात राहिलं नाही.

जानेवारीपासून आश्लेषा आठवड्यातून तीनदा जायला लागली. मोठ्या वर्गांनीही बोलवायला सुरुवात केली होती. आणि या सगळ्यात तिला एक नवल कळलं. स्पॅनिश बोलताना तिला लाज वाटत नव्हती. इंग्रजी इतकी वर्षं शिकून नीट बोलता येत नाही याची तिला शरम होती. स्पॅनिश तिला यावं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. चुकलं तर मुलं हसायची, तीही हसायची आणि परत म्हणायची. पळ, वळ, बस, पुन्हा एकदा, छान, रडू नकोस, नाक पूस, असं करत करत तिचं भांडार वाढलं. काही शब्द तर घरचेच निघाले. टेबलाला मेसा म्हणतात, म्हणजे आपलं मेज. पैसे देणं म्हणजे पागार, म्हणजे आपला पगार. असा एखादा शब्द सापडला की ती घरी येऊन तो सिद्धेशला ऐकवायची, आणि सिद्धेश तो ऑफिसात देवांगला. फेब्रुवारीत रोसिओने तिला विचारलं, तू खरंच आधी कधी शिकली नव्हतीस? मग तिने सांगितलं की इथलं इंग्रजी बोलताना माझीसुद्धा जीभ जड होते. त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी अर्धं इंग्रजी, अर्धं स्पॅनिश असं काहीतरी बोलायला लागल्या, आणि दोघींना ते झकास कळायचं.

मार्चमध्ये मात्र विघ्न आलं. बर्फ दिवसा वितळायचा आणि पुन्हा गोठून काचेसारखा व्हायचा. खो-खोत खांबाजवळचा गडी पकडायला सूर मारावा लागतो. एका हाताने खांब धरायचा आणि दुसरा हात लांबवून अंग झोकून द्यायचं. आश्लेषाने तो कधीतरी मुलांना करून दाखवला होता, आणि करायचा नाही असंही बजावलं होतं. करायचा नाही एवढं ऐकून तोमास थांबेल, ही अपेक्षाच चूक होती. तो घसरला, खांबावर तोंड आपटलं, ओठ फाटला आणि बर्फावर रक्ताचे थेंब पडले. एक दातही गेला. नर्सने त्याला आत नेलं आणि मुख्याध्यापिका हॅल्वर्सन बाईंनी खेळ बंद असं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. सौम्यपणेच बोलल्या, आणि आश्लेषाला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती मैदानावर गेली तेव्हा मुलं रेघेपाशी नुसती उभी होती. थोड्या वेळात दवाखान्याचा निळा पोशाख घातलेली एक बाई फाटकातून आत आली. ती तोमासची आई, हिमेना. आश्लेषाने माफी मागायचं इंग्रजी वाक्य घरूनच जुळवून आणलं होतं. ते ऐन वेळी कुठे गेलं कोण जाणे. तोंडातून निघालं ते स्पॅनिश, मोडकंतोडकं, आणि भरपूर. माझी चूक झाली, मी दाखवायला नको होतं, मुलगा बरा आहे ना, ओठ सुजला का, रात्री झोपला का.

हिमेनाने तिला बोलू दिलं. मग म्हणाली, "मी दातांची डॉक्टर आहे. तो दात आठवडाभर हलत होता आणि हा मला हात लावू देत नव्हता. तू माझं काम केलंस."

आश्लेषाला वाटलं आपल्याला भाषा कळली नाही. हिमेनाने तेच इंग्रजीत सांगितलं, आणि ओठाचं म्हणशील तर तो परवापर्यंत बरा होईल, अशी पुस्तीही जोडली. ती भांडायला आलीच नव्हती. तोमासने घरी सोफ्यावरून सूर मारून दाखवला होता आणि तो आपल्याला कसा जमत नाही हेच तिला बघायचं होतं. मेक्सिकोत, गुआदालाहाराला शाळेत असताना ती धावण्याच्या शर्यतींत असायची.

दोघी मिळून हॅल्वर्सन बाईंच्या खोलीत गेल्या. खांबांना जाड फोम गुंडाळायचं आश्लेषाने लगेच कबूल केलं. सूर कायमचा बंद, हे काही ती कबूल करेना. पडायचं कसं ते आधी शिकवते, मग पडू दे, असं तिचं म्हणणं. खो-खोतला सूर काढला तर राहतं काय, हे तिने इंग्रजीत सांगितलं, अडलं तिथे स्पॅनिशमध्ये सांगितलं आणि ते हिमेनाने पुढे नेलं. शेवटी गवत उगवल्यावर, फक्त मोठ्या वर्गांना, आणि तेही आश्लेषा समोर असताना, असं ठरलं. बाहेर आल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण एका साहेबाच्या खोलीत बसून हुज्जत घातली, आणि त्यातलं एकही वाक्य आधी मनात जुळवलं नव्हतं.

एप्रिल अखेरीला बर्फ गेला, मैदान हिरवं झालं आणि मेमध्ये शाळेचा वसंतातला मेळा भरला. त्यात पाचवीच्या मुलांनी पालकांना खो-खोचं आव्हान दिलं. पालकांना वाटलं, मुलांचाच खेळ. सिद्धेशला तर खात्री होती की आपल्याला सगळे नियम पाठ आहेत.

आधी पाठलाग पालकांनी करायचा होता. आठ मोठी माणसं रेघेवर उकिडवी बसली आणि त्यांच्या गुडघ्यांचे आवाज बाजूच्या मुलांनी ऐकले. सिद्धेश खो न मिळताच उठला, परत बसवला, खो मिळाला तेव्हा भलत्याच दिशेला धावला आणि मधल्या रेघेवर तोमासच्या बाबांवर आदळला. पाचवीची मुलं आरामात चालत होती. सगळ्या डावात पालकांनी एकच गडी मारला, तोही बुटाची नाडी बांधायला खाली वाकलेला.

मग पालकांना पळायचं होतं. पहिल्या तिघांत हिमेना, कोणाचे तरी उंच आजोबा आणि आश्लेषा. सिद्धेश दुखरा गुडघा चोळत, बायकोचं जॅकेट हातात धरून कडेला उभा राहिला. आजोबा हसत हसत बाद झाले. हिमेना वेगाने पळाली, पण सरळ पळाली, आणि खो-खोत सरळ पळणारा टिकत नाही. आश्लेषा एकटी उरली.

ती लग्नाच्या आधीपासून धावली नव्हती. पहिल्या चार ढांगांत अंग बोजड वाटलं. मग बसलेल्या मुलांच्या मधून ती आत-बाहेर, आत-बाहेर अशी साखळी घ्यायला लागली आणि पायांनी आपलं आपण सुरू केलं. खो पडला की तिला तो पाठीमागूनही कळायचा. डावीकडे झुकून ती उजवीकडे निघायची, हात लांबवलेला मुलगा रिकाम्या हवेला शिवायचा. खांबापाशी थांबल्यासारखं करायची आणि तो वळला की पलीकडे. कडेला उभे असलेले लोक आधी हसत होते, मग हसायचे थांबले, मग ओरडायला लागले. स्पॅनिश, इंग्रजी, देवांगची थोडी गुजराती, सगळं एकात एक. सावनी तिच्या वर्गातल्या मुलांना, ही माझी आई आहे, असं ज्याला जी कळेल त्या भाषेत सांगत फिरत होती, जणू त्यांना ते माहीत नव्हतं.

शेवटी पाचवीतल्या एका लांब वेणीच्या मुलीने तिला खांबापाशी गाठलं. एका हाताने खांब धरला, अंग झोकलं आणि आश्लेषाच्या टाचेला बोटं लावली. सूर अगदी बिनचूक होता. आश्लेषा स्वतः गवतावर पडली आणि पडल्या पडल्याच त्या मुलीला म्हणाली, मुई बिएन, फार छान. तिला धाप एवढी लागली होती की दुसरं काही बोलवेना.

सिद्धेश लंगडत आला आणि तिच्या शेजारी गवतात बसला.

"तू हे मला कधी सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. आमच्या घरी तुला खो-खोची शिल्डं दाखवली होती सगळी. राज्य स्पर्धेचं पण. तू म्हणालास, छान आहेत."

सिद्धेशने आठवायचा प्रयत्न केला. शिल्डं आठवत होती. "पण तुला धावताना मी बघितलं नव्हतं ना यार," तो म्हणाला. आश्लेषाने त्याच्या हातातलं जॅकेट घेतलं, त्याची गुंडाळी केली आणि त्याच्या दुखऱ्या गुडघ्याखाली सारली.

हिमेनाला दवाखान्यात परतायचं होतं, म्हणून तोमासला संध्याकाळपर्यंत आश्लेषाने घरी नेलं. गाडी ती चालवत होती. सिद्धेश शेजारी गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. मागच्या सीटवर सावनी आणि तोमास यांचं शाळेच्या फाटकापासूनच जुंपलं होतं. लहान मुलांच्या डावात दोघं एकदमच आपटून पडले होते आणि आधी बाद कोण झालं, हा प्रश्न होता. भांडण सगळं स्पॅनिशमध्ये, आणि इतकं वेगात, की सिद्धेश कौतुकाने मान मागे वळवून बसला. त्याला त्यातलं फक्त नो कळत होतं. आश्लेषाला निम्म्याहून जास्त कळत होतं. दोघंही खोटं बोलत होते.

सिग्नलला गाडी थांबल्यावर तिने आरशात बघून निकाल दिला. "लोस दोस एस्ता आउट." दोघंही बाद.

मागचं भांडण जागीच राहिलं. मग दोघं एका आवाजात म्हणाले, "एस्तान."

एकासाठी एस्ता, दोघांसाठी एस्तान, असं सावनीने आईला समजावलं. तोमास म्हणाला, असं नाही, पहिल्यापासून शिकव. मग दोघांनी मिळून तिच्याकडून पहिल्यापासून म्हणून घ्यायला सुरुवात केली, मी, तू, तो, आम्ही. ती चुकली की दोघं खिदळायचे आणि परत पहिल्यापासून. सिग्नल हिरवा झाला, गाडी निघाली. दुसऱ्या खेपेपासून सिद्धेशही बर्फाची पिशवी सांभाळत मागोमाग म्हणायला लागला, आणि त्याचं तर एकही बरोबर येत नव्हतं.